सावित्रीचे कुंकू कुठे गेले?

सुरुवात एका फजितीपासून करतो. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पदार्थविज्ञान शिकवतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मुलांनी सत्यवान-सावित्रीचे नाटक बसवले होते. मागचा पडदा कला शाखेच्या एका मुलीने रंगवला होता. पंधरा दिवस खपून तिने हिरवेगार अरण्य उभे केले होते आणि त्यातून वाहणारी निळी नदी. दिव्यांचे काम माझ्याच वर्गातल्या एका मुलाकडे होते. हल्ली मंडपवाल्याकडे एलईडीचे दिवे भाड्याने मिळतात. बटण दाबले की लाल, पुन्हा दाबले की निळा. पेटी आणि ढोलकी गावातल्या भजनी मंडळाची.

तिसऱ्या प्रवेशात संध्याकाळ व्हायची होती. आमच्या दिवेवाल्याने मावळतीचा रंग म्हणून सगळे दिवे एकदम लाल केले. क्षणात अरण्य नाहीसे झाले! पडदा काळाठिक्कर पडला, नदी गेली, झाडे गेली, जणू कोणी मागे घोंगडे टांगले. पण खरा घोटाळा पुढेच होता. सावित्रीच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकूच दिसेनासे झाले. यम अजून विंगेत मिशी चिकटवत होता, सत्यवान चांगला लाकडे फोडत होता, आणि सावित्रीचे कपाळ मोकळे! पुढच्या सतरंजीवर बसलेल्या आयाबायांत कुजबुज सुरू झाली. त्यात सावित्री गाऊ लागली, तर तिच्या आवाजापेक्षा ढोलकीच मोठी ऐकू येत होती.

नाटक संपल्यावर तिघेजण माझ्याकडे आले. पडदेवाली म्हणाली, "सर, मी तर हिरवंगार जंगल काढलं होतं." दिवेवाला म्हणाला, "सर, मी तर संध्याकाळ केली होती." ढोलकीवाले काका म्हणाले, "मास्तर, मी तर रोजच्यासारखंच वाजवलं." आणि तिघांचेही खरे होते! चूक झाली असेल तर ती माझी. तालमींना मी हजर होतो, पण पडदा एका खोलीत रंगत होता, गाणे दुसरीकडे बसत होते आणि दिवे आले शेवटच्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात. सगळे एकत्र आले ते एकदम रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर.

आता कुंकवाचे काय झाले ते पाहू. कोणतीही वस्तू आपल्याला रंगीत दिसते ती तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ती परत पाठवते म्हणून. पान हिरवे दिसते, कारण ते हिरवा प्रकाश परत पाठवते आणि लाल गिळून टाकते. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात, म्हणून त्याच्यात ही निवड नीट होते. लाल एलईडीचा प्रकाश मात्र वर्णपटाच्या एका अरुंद पट्ट्यातला असतो, साधारण ६२० ते ६४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्यात हिरवे नाही, निळे नाही. मग पडद्यावरच्या हिरव्या रंगाने परत काय पाठवावे? तो काळा पडला. कुंकवाची गोष्ट उलटी. कुंकू लाल प्रकाश भरपूर परत पाठवते. पण माणसाची त्वचाही लाल प्रकाश चांगलाच परत पाठवते. दोघांत फरक उरला नाही, आणि फरक नाही तर दिसणे नाही. पांढऱ्या कागदावर लाल पेनाने काढलेला टिंब लाल उजेडात असाच हरवतो. घरी करून पाहा.

तुम्ही म्हणाल, यात एवढे लेख लिहिण्यासारखे काय आहे? सांगतो. दहावी झाली की आपल्याकडे मुलांना एकच प्रश्न विचारला जातो : सायन्स की आर्ट्स? जणू मध्ये रेल्वेचे फाटक आहे आणि ते कायमचे बंद आहे. आमच्या पडदेवालीला वर्णपट कोणी शिकवला नव्हता. आमच्या दिवेवाल्याला तो तोंडपाठ होता, परीक्षेत त्याने आकृतीही काढली होती. पण रंगवलेला पडदा हा त्या आकृतीतलाच विषय आहे असे त्याला वाटलेच नाही. म्हणजे उणे दोन्हीकडे होते.

खरे तर अनेक कला एकत्र नांदणे आपल्याला नवे नाही. लग्नानंतर घरी गोंधळ घालतात तेव्हा नीट पाहा. संबळ वाजते, तुणतुणे वाजते, गोंधळी गातो, नाचतो, मध्येच गोष्ट सांगतो, आणि शेजारी दिवटी पेटलेली असते. गाणे, वाद्य, नाच, कथा आणि प्रकाशयोजना, सगळे एका अंगणात. तिथे कोणाचे कुंकू हरवत नाही. एक तर दिवटीच्या ज्योतीत निळा प्रकाश कमी असला तरी वर्णपट अखंड असतो. दुसरे म्हणजे ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे काम जाणून असतात. संबळवाल्याला कथेतला पुढचा शब्द ठाऊक असतो. अडचण येते ती नवे साधन हाती येते तेव्हा, कारण ते कोणाच्याच आजोबांनी वापरलेले नसते.

शंभर वर्षांपूर्वी असेच एक नवे साधन कोल्हापुरात येऊन पोहोचले : चलच्चित्राचा कॅमेरा. तो ज्यांनी आपलासा केला ते शास्त्रज्ञ नव्हते. ते पडदे रंगवणारे होते!

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालचा. घर सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम जाणणारे. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे दोघे संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्यांच्या पडद्यांची एवढी ख्याती झाली की 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना ध्यास लागला की आपणही चित्रपट करायचा. परदेशी कॅमेरा महाग, आणि महायुद्धाच्या दिवसांत मिळणेही अवघड. मग त्यांनी ठरवले की कॅमेरा आपणच बनवायचा. १९१६ मध्ये आनंदराव वारले. काम थांबले नाही. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला.

कॅमेरा बनवणे म्हणजे काय काम होते, याची कल्पना यावी म्हणून थोडे आत डोकावू. फिल्मची फीत ३५ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या दोन्ही कडांना भोके असतात. प्रत्येक चित्रासाठी चार भोके, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर फीत लागते. फीत सारखी धावत ठेवली तर चित्र फराटल्यासारखे उमटेल. म्हणून ती भिंगासमोर क्षणभर थांबली पाहिजे, चित्र उमटले पाहिजे, मग झाकण पडले पाहिजे, एका आकड्याने भोकात शिरून फीत बरोबर १९ मिलिमीटर खाली ओढली पाहिजे, आणि झाकण पुन्हा उघडले पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सगळे एका सेकंदात साधारण १६ वेळा घडे. झाकण म्हणजे अर्धी कापलेली फिरती चकती. अर्धा वेळ उघडी, अर्धा वेळ मिटलेली, म्हणून प्रत्येक चित्राला प्रकाश मिळे तो सेकंदाचा बत्तिसावा भाग. आकडा किंचित लवकर आला तर चित्र फराटणार, केसभर कमी ओढले तर पडद्यावर सगळा गाव थरथरणार. हे काम ज्यांना पडदे रंगवायचे हात होते त्यांनी केले. पण त्याच हातांना रंधा आणि कानसही ठाऊक होती, हे विसरू नका.

आणि कॅमेरा चालवायचा कसा? हाताने! दांडा एकदा फिरवला की आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. लय जरा चुकली की पडद्यावरची माणसे एकदा धावतात, एकदा रेंगाळतात. म्हणून जगभरचे कॅमेरावाले दांडा फिरवताना मनातल्या मनात एखादी चाल गुणगुणत. म्हणजे यंत्राचा वेग राखायला संगीत! (तीनतालाच्या मात्राही १६ आणि सेकंदाची चित्रेही १६, हा मात्र निव्वळ योगायोग समजावा. आमच्या ढोलकीवाल्या काकांना तो मान्य नाही.)

महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या पैशावर. 'सैरंध्री' हा कंपनीचा पहिला चित्रपट १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्या काळी स्त्रिया चित्रपटात काम करायला तयार नसत, फाळक्यांची तारामतीही पुरुषानेच केली होती. 'सैरंध्री'त मात्र स्त्रियांनी कामे केली.

आता पुन्हा कुंकवाकडे येऊ, कारण या मंडळींपुढेही तेच कोडे होते, फक्त उलट बाजूने. त्या काळची फिल्म निळ्या-जांभळ्या प्रकाशाला फार दाद देई, हिरव्याला थोडी, आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच नाही. (म्हणूनच ती लाल दिव्याच्या उजेडात धुता येई.) परिणाम काय? कपाळावरचे लाल कुंकू पडद्यावर काळे. निळे आकाश पांढरेफटक, ढग असले तरी दिसायचे नाहीत. आकाशी रंगाचे लुगडे पांढरे. हळदीचा पिवळा रंग आपल्याला किती उजळ वाटतो, पण फिल्मला तो मळकट काळपट दिसे. ज्या चित्रकाराने जन्मभर लाल, निळा, पिवळा यांच्याशी खेळ केला, त्याला आता प्रत्येक रंगाकडे पाहून मनात विचारावे लागे : हा काळा येईल, करडा येईल की पांढरा? त्याला फिल्मच्या डोळ्याने पाहायला शिकावे लागले.

हा डोळा तुम्हालाही लावून पाहता येईल. स्टेशनरीच्या दुकानात निळा जिलेटिन कागद मिळतो. त्याच्या दोन-तीन घड्या करा. एका पांढऱ्या कागदावर कुंकवाचा एक ठिपका, हळदीचा एक, आणि निळ्या खडूचा एक असे तीन ठिपके काढा. उन्हात उभे राहून घडीतून त्यांच्याकडे पाहा. कुंकू काळे होईल, हळद बरीच गडद होईल आणि निळा ठिपका जवळजवळ कागदात विरघळून जाईल. आता लाल जिलेटिन घेऊन तेच करा. या वेळी कोण हरवले? आमच्या सावित्रीचे उत्तर तुम्हाला तिथे सापडेल.

बाबूरावांनी आणखी एक गोष्ट ओळखली आणि ती मला फार मोलाची वाटते. नाटकाचे रंगवलेले पडदे त्यांनी स्वतःच गाजवले होते. तरी चित्रपटात त्यांनी पडदे बाजूला सारले आणि भिंती, खांब, दारे प्रत्यक्ष उभी करायला घेतली. पदार्थविज्ञानाच्या बाजूने पाहा. पडद्यावर चितारलेल्या खांबाची सावली चित्रकाराने एकदाच ठरवलेली असते. चित्रीकरण त्या काळी मुख्यतः उन्हात चाले, आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सकाळी दहाला नटाची सावली डावीकडे, दुपारी तीनला उजवीकडे, आणि पडद्यावरची सावली जिथल्या तिथे! नाटकात मंद दिव्यांत हे खपून जाते. कॅमेरा मात्र असली लबाडी तंतोतंत टिपतो. स्वतःच्या हातची कला नव्या साधनाला सोसत नाही हे कबूल करणे सोपे नसते. पडदा गेला, पण पडदेवाला गेला नाही. तो वास्तुशिल्पी झाला. प्रसंगांची, वेशभूषेची, हालचालींची रेखाटने ते आधी कागदावर करीत, म्हणजे नट, शिंपी, सुतार आणि कॅमेरावाला यांना एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवता येई. आमच्याकडे असा एक कागद असता तर!

'सिंहगड' या १९२३ च्या चित्रपटात त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. असे प्रखर दिवे म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटणारी वीजज्योत. कांडीचे टोक साडेतीन हजार अंशांच्या पुढे तापते आणि तिच्या प्रकाशात निळा-जांभळा भाग भरपूर असतो. म्हणजे फिल्मला जे हवे नेमके तेच. नटांच्या डोळ्यांना मात्र तो नको असलेला भाग. अशा दिव्यांसमोर काम करून जगभरच्या नटांचे डोळे सुजत. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये नारायण हरी आपटे यांची कथा होती आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. लेखक, चित्रकार, नट, गवयाचे पैसे आणि सुताराची हत्यारे, सगळे एका छपराखाली.

१९२९ च्या जूनमध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. शेख फत्तेलाल मूळचे चित्रकार, दामल्यांचे जिवलग. शांतारामांनी लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केलेली आणि पुढे रेल्वेच्या कारखान्यात हात काळे केलेले. कुलकर्णी सराफ. तोवर चित्रपट मुका होता. दोनच वर्षांत भारतात बोलपट आला आणि या मंडळींपुढे एक नवाच पाहुणा येऊन बसला : ध्वनी.

चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर बसवायचे, ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. पण दोघांचे स्वभाव पाहा. चित्राला फीत थांबायला हवी, सेकंदाला आता १६ ऐवजी २४ वेळा. ध्वनीला ती क्षणभरही थांबलेली चालत नाही. ध्वनी फितीच्या कडेला एका बारीक पट्टीत प्रकाशाच्या खुणांनी लिहिलेला असतो. त्या खुणा अरुंद फटीतून येणाऱ्या प्रकाशासमोरून एकसारख्या वेगाने सरकल्या तरच मूळ सूर परत मिळतो. वेग किती? २४ गुणिले १९, म्हणजे सेकंदाला ४५६ मिलिमीटर. मध्य षड्ज २४० कंपनांचा धरला तर त्याची एक लाट फितीवर १.९ मिलिमीटर जागा घेते, तार षड्जाची त्याच्या निम्मी. सेकंदाला साडेचार हजार कंपनांचा बारीक सूर घेतला तर लाट जेमतेम एक दशांश मिलिमीटरची! फीत जरा अडखळली की गवयाचा सूर हललाच.

एकाला थांबायचे आहे, दुसऱ्याला धावायचे आहे, आणि फीत एकच. मग काय केले? चित्र आणि त्याचा ध्वनी फितीवर शेजारी ठेवलेच नाहीत. ध्वनी आपल्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापला, म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर. फीत चित्राच्या खिडकीत थांबत-थांबत उतरते, मग तिचा एक सैल झोळ सोडलेला असतो, आणि झोळानंतर जड चाकावरून ती ध्वनीच्या फटीसमोर संथ सरकत जाते. धक्के झोळात जिरतात. ही युक्ती प्रभातची नव्हे, साऱ्या जगाच्या बोलपटांची. पण प्रभातमध्ये हे ध्वनीचे खाते ज्यांनी हाती घेतले ते होते दामले, तेच दामले, ज्यांनी पडदे रंगवले होते आणि कॅमेऱ्याचे भाग घासले होते. मी वर्गात प्रक्षेपक शिकवतो तेव्हा मुले भिंगाची आकृती काढतात आणि झोळ विसरतात. मी झोळाचे गुण कापतो.

प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये आला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. टेंबे म्हणजे पेटीवादनातले नामांकित नाव. आधी गाणे ध्वनिमुद्रित करून मग नटाने नुसते ओठ हलवायचे, ही सोय तेव्हा नव्हती. कॅमेरा चालू असतानाच नटाने गायचे आणि साथीदारांनी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी बसून वाजवायचे. ध्वनिग्राहक एक. मग कोण किती मोठ्याने ऐकू येणार हे कशावर ठरे? अंतरावर. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते, तिप्पट केले की नववा हिस्सा. म्हणजे तबला-पेटीचा मेळ साधायचा तर साज नव्हे, साजिंदा सरकवायचा. गवयाला आपल्या साथीपासून दूर बसून सूर धरायचा, नेपथ्यकाराला झाड अशा ठिकाणी उभे करायचे की मागे पेटी मावेल, आणि दिवेवाल्याला ध्वनिग्राहकाची सावली भिंतीवर पडू द्यायची नाही. आमच्या ढोलकीचे गणित हेच होते. काका माइकपासून दोन पावलांवर बसले होते आणि सावित्री चार पावलांवर.

सगळेच प्रयोग जमले असे नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रभातने १९३३ मध्ये 'सैरंध्री' पुन्हा केला, या वेळी बोलका आणि रंगीत. रंगांची प्रक्रिया जर्मनीत करून घेतली. ती पद्धत दोनच रंगपट्टे टिपणारी होती, एक तांबड्याच्या बाजूचा आणि एक निळ्या-हिरव्याच्या बाजूचा. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. दोन पट्ट्यांवर त्यांचे समाधान व्हावे कसे? रंग मनासारखे आले नाहीत. चित्रकारांच्याच कंपनीचा रंगीत चित्रपट रंगाने फसावा, हा दैवदुर्विलास. पण त्याच मंडळींनी त्या वर्षी पुण्यात नवा स्टुडिओ थाटला आणि १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला, काळ्या-पांढऱ्यातच. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे यांचे, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेले एक पद तर लोकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून डोक्यावर घेतले. १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत त्याची गणना झाली. त्याच वर्षीच्या शांतारामांच्या 'कुंकू'त भोळ्यांनी एक धाडस केले. प्रसंगामागे वाद्यवृंद न ठेवता आसपासचे साधे आवाजच वापरले. संगीतकाराने आपला वाद्यमेळ बाजूला ठेवणे आणि चित्रकाराने आपला पडदा बाजूला सारणे, ही दोन्ही मला एकाच जातीची कामे वाटतात.

पुण्याचा तो प्रभात स्टुडिओ आज चित्रपट शिकवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आवारात आहे. बाबूरावांचा मूक 'सैरंध्री' मात्र तुम्हाला कुठेही पाहता येणार नाही. 'सावकारी पाश'ही नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, म्हणजे जवळजवळ स्फोटक कापसाच्या जातीची. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असल्याने पाण्यातही ती विझत नाही. आणि न जळली तरी वर्षानुवर्षे आपोआप कुजते, आधी चिकट होते, मग तिची तांबूस भुकटी होते. भारतात हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यांतले मूठभर उरले. इतक्या हातांनी मिळून केलेल्या कामाची आज रेखाटने, जाहिरातींचे कागद आणि आठवणी तेवढ्या शिल्लक आहेत. तुमच्या घरी आजोबांच्या पेटीत जुने निगेटिव्ह असतील तर ते उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि मोठ्यांना सांगा.

आमचे या वर्षीचे संमेलन जानेवारीत आहे. तेच नाटक पुन्हा करायचे असा मुलांनी हट्ट धरला आहे. गेल्या शनिवारी पडदेवाली प्रयोगशाळेत कापडाची एक लांब पट्टी घेऊन आली. तिच्यावर तिने तेरा हिरवे रंगवले होते, कशात थोडा पिवळा, कशात थोडा तांबडा मिसळून. दिवेवाला एकेक दिवा त्यावर टाकत होता आणि ती वहीत लिहीत होती : लालमध्ये जगतो, लालमध्ये मरतो. तांबूस झाक असलेले चार हिरवे जगले. दिवेवाल्यानेही कबूल केले की मावळतीला नुसता लाल चालणार नाही, त्यात पिवळा आणि थोडा पांढरा दिवा मिसळावा लागेल. मग कुंकूही दिसते. सावित्रीची भूमिका करणारी मुलगी कपाळाला कुंकू लावून तासभर त्या दिव्यांसमोर उभी होती.

ढोलकीवाले काकाही आले होते. मी त्यांना अंतराचा नियम फळ्यावर समजावून सांगितला. त्यांनी मुकाट्याने ढोलकी उचलली, आठ पावले मागे जाऊन बसले, थोडे वाजवले आणि म्हणाले, "मास्तर, आता बाईचा आवाज समोर चांगला जातोय. पण मलाच बाई ऐकू येईना. ठेका कुठं धरू?"

हा प्रश्न माझ्या फळ्यावर नव्हता. एक जुना स्पीकर त्यांच्याकडे तोंड करून ठेवायचा असे ठरले आहे. तो माइकला शिटी मारायला लावतो की नाही, ते येत्या शनिवारी कळेल.